घशाला उपदेश कळत नाही

‘एकदा ते मशिन लावलंत की संपलं. जन्मभर त्याच्यावाचून झोप येणार नाही.’ स्लीप ॲप्नियाचं निदान झालेल्या माणसाला डॉक्टरांची चिठ्ठी मेडिकलच्या दुकानात पोचायच्या आत हे वाक्य ऐकायला मिळतं. सांगणारा बहुधा हितचिंतक असतो. सकाळी बागेत चालायला येणारा, लग्नात शेजारच्या खुर्चीवर बसलेला, नात्यातला, कधी कधी गळ्यात स्टेथोस्कोप असलेलाही. आणि हे वाक्य एकटं येत नाही. वजन उतरवा, आपोआप जाईल. प्राणायाम करा. आमचे आजोबा भिंती हादरतील असे घोरायचे, नव्वदी पाहून गेले. हा सगळा कंपन्यांचा धंदा आहे. आणि सर्वांत शेवटी, जरा आवाज खाली आणून: ‘ते नाकाला लावून झोपलेलं दिसतं तरी कसं?’

मी स्वतः हे मशिन, म्हणजे सीपॅप, लावून झोपतो, तेव्हा या वादात मी तटस्थ आहे असा आव आणणार नाही. पण वरच्या मुद्द्यांत तथ्य किती हे पाहायला तटस्थ असावं लागत नाही, आकडे वाचावे लागतात. त्यातल्या काही मुद्द्यांत खरोखर दम आहे. तिथे तो मान्य करायला मला अडचण नाही. अडचण आहे ती या सगळ्यांच्या मुळाशी असलेल्या समजुतीची. घोरणं हा सुटलेल्या, आळसावलेल्या माणसाचा दोष आणि मशिन ही त्याने पत्करलेली हार, अशी ती समजूत आहे. म्हणून सुचवले जाणारे सगळे उपाय निश्चयाचे, शिस्तीचे, जागेपणीचे असतात. आजार मात्र झोपेतला आहे.

आधी घशात काय होतं ते पाहू. जिभेच्या मागे, टाळूपासून स्वरयंत्रापर्यंतच्या श्वासमार्गाला हाडाचा किंवा कूर्चेचा आधार नाही. जागेपणी तिथले स्नायू तो उघडा धरून ठेवतात. झोप लागली की इतर स्नायूंबरोबर तेही सैल पडतात. ज्याचा मार्ग मुळात अरुंद, त्याच्या घशाच्या भिंती ओल्या छत्रीच्या घड्यांसारख्या एकमेकींना चिकटतात. छाती आणि पोट श्वास ओढत राहतात, पण हवा आत जात नाही. श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त असा अडला की त्याला एक ॲप्निया म्हणतात. पुरता न अडता निम्माशिम्मा झाला आणि त्याने रक्तातला ऑक्सिजन उतरला किंवा झोप मोडली, तर हायपॉप्निया. दोन्हींची तासाला सरासरी काढतात. पाच ते पंधरा म्हणजे सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तिसाच्या वर तीव्र.

तासाला तीस म्हणजे दर दोन मिनिटांना एक. सात तासांच्या झोपेत दोनशे दहा वेळा. प्रत्येक वेळी ऑक्सिजन खाली येतो, मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब उसळतात, माणूस क्षणभर जागा होतो, घुर्रकन श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. घरचे सांगतात, ‘हे काय, डोकं टेकलं की घोडे विकून झोपतात!’ ज्याला सगळं घर गाढ झोप समजतं, ती रात्रभर शेकडो वेळा मोडलेली झोप असते. अशा माणसाला सकाळी डोकं जड वाटतं, दुपारी बैठकीत डुलकी लागते, संध्याकाळी चिडचिड होते. आणि तो आळशी ठरतो.

आता सवयीच्या आरोपाकडे येऊ. सीपॅप मशिन काय करतं? खोलीतलीच हवा गाळून घेतं, छोट्या पंख्याने तिला किंचित दाब देतं आणि नळी-मास्कवाटे नाकात सोडतं. हा दाब पाण्याच्या स्तंभाच्या मापात साधारण चार ते वीस सेंटिमीटर असतो. तो घशाच्या भिंतींना आतून आधार देतो, त्या चिकटत नाहीत, एवढंच. औषध नाही, गुंगी नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेत घराघरांत मशिनं आणि सिलिंडर आले, तेव्हापासून अनेकांना हा ऑक्सिजनचा प्रकार वाटतो, तोही नाही. डॉक्टरांनी वेगळा जोडायला सांगितला नसेल, तर सीपॅपमधून येते ती फक्त तुमच्या बेडरूममधली हवा.

व्यसनाची खूण अशी की ते सोडलं की शरीराला पूर्वी नसलेला नवा त्रास सुरू होतो. सीपॅप सोडलं तर काय होतं, हे झुरिचच्या संशोधकांनी मुद्दाम पाहिलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत मशिन वापरणाऱ्या काही रुग्णांचा परिणामकारक दाब दोन आठवडे काढून घेतला. पहिल्या काही रात्रींतच श्वास पूर्वीसारखा अडू लागला आणि दोन आठवड्यांत सकाळचा रक्तदाब चढला. म्हणजे परत आला तो जुनाच आजार, मशिनने एखादा नवा आजार लावला नव्हता. ‘मशिनवाचून झोप येत नाही’ ही तक्रार बहुतेकदा याचीच असते: नीट झोप म्हणजे काय हे शरीराला एकदा कळलं की मोडकी झोप त्याला खपत नाही. याला गुलामी म्हणायचं असेल, तर थायरॉइडची रोजची गोळी आणि इन्शुलिनही गुलामीच. तिथे मात्र आपण उपदेश करत नाही. गोळी दिसत नाही, मास्क दिसतो.

मशिनच्या आधी काय होतं हेही या टीकाकारांनी एकदा आठवावं. तीव्र ॲप्नियावर त्या काळी खात्रीचा उपाय म्हणजे ट्रेकिऑस्टॉमी: गळ्याला पुढून भोक पाडून नळी बसवायची, दिवसा ती बंद ठेवायची, रात्री उघडायची. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘द लॅन्सेट’मध्ये नाकावाटे दाबाची हवा देण्याची पद्धत मांडली. सुरुवातीच्या मशिनला व्हॅक्युम क्लीनरची मोटर होती आणि मास्क रोज रात्री सिलिकॉनने नाकाला चिकटवावा लागे. तरी लोकांनी तो घेतला, कारण दुसरा पर्याय गळ्याला भोक हा होता. ‘पूर्वी नव्हती ही थेरं’ म्हणणाऱ्यांना हे माहीत नसतं की पूर्वी काय होतं.

वजनाचा मुद्दा यापेक्षा वजनदार आहे. मानेभोवती आणि जिभेत साठलेली चरबी श्वासमार्ग आवळते, हे खरं. वजन उतरलं की ॲप्निया घटतो, हेही खरं. पण किती घटतो? अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात वर्षानुवर्षं चाललेल्या झोपेच्या अभ्यासातून २००० मध्ये निघालेला अंदाज असा, की वजन दहा टक्के उतरलं तर ॲप्नियाचा आकडा सुमारे २६ टक्क्यांनी उतरतो. आता हिशेब करा. तासाला चाळीस वेळा श्वास अडणारा नव्वद किलोचा माणूस नऊ किलो उतरवतो. कौतुकाचीच गोष्ट. त्याचा आकडा येतो साधारण तिसावर, म्हणजे मध्यम आणि तीव्र यांच्या सीमेवर. ‘आपोआप जाईल’ यातलं ‘आपोआप’ इथेच गळून पडतं.

दुसरं असं की ॲप्नियाचे सगळे रुग्ण जाड नसतात. जबडा लहान किंवा मागे सरकलेला, टॉन्सिल मोठे, जीभ मोठी, नाकाचा पडदा वाकडा, यांपैकी काहीही ॲप्नियाला हातभार लावू शकतं. आशियाई लोकांच्या चेहऱ्याच्या ठेवणीमुळे त्यांच्यात कमी वजनालाही ॲप्निया दिसतो, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. शिडशिडीत माणसाला ‘वजन उतरवा’ असं कसं सांगणार? मग त्याला सांगतात, ‘तुम्हाला कसा असेल, तुम्ही तर बारीक!’ आणि त्याची तपासणीच होत नाही.

इथे मशिनवाल्यांनीही थापा मारू नयेत. ‘मशिन लावा, वजन आपोआप उतरेल’ असं काही विक्रेते सांगतात. अभ्यासांतून तसं दिसलेलं नाही. उलट सीपॅप सुरू केल्यावर सरासरी वजन किंचित वाढल्याचंच दिसलं आहे. वजनासाठी वेगळे कष्ट करावेच लागतात. औषधंही आता आली आहेत: अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये टिर्झेपटाइड हे इंजेक्शन स्थूल व्यक्तींमधल्या मध्यम ते तीव्र ॲप्नियासाठी मान्य केलं. ही चांगली बातमी आहे. पण त्यामागच्या चाचण्या वर्षभर चालल्या होत्या. वजन उतरायला महिने लागतात. त्या महिन्यांतल्या रात्रींचं काय, हा माझा प्रश्न आहे. मशिन आज रात्री लावता येतं.

प्राणायाम आणि योगासनांबद्दल बोलताना जपून बोलावं लागतं, कारण लगेच ‘तुमचा आपल्या परंपरेवर विश्वास नाही’ असं उत्तर येतं. विश्वासाचा प्रश्नच नाही; मोजमाप उपलब्ध आहे. ब्राझीलमध्ये २००९ साली जीभ, टाळू आणि घशाचे व्यायाम तीन महिने रोज करून घेतले गेले. मध्यम तीव्रतेच्या रुग्णांचा आकडा सुमारे बावीसवरून चौदावर आला. स्वित्झर्लंडमध्ये २००६ साली रुग्णांना डिजेरिडू हे ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं लांब फुंकवाद्य शिकवलं, त्यांनाही फायदा झाला. आणि आपल्याला जवळचा प्रयोग म्हणजे जयपूरच्या डॉक्टरांचा. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या छोट्या चाचणीत मध्यम ॲप्नियाचे तीस रुग्ण होते. त्यातल्या काहींनी सहा महिने शंख फुंकण्याचा सराव केला. त्यांची दिवसाची झोपाळू अवस्था कमी झाली आणि श्वास अडण्याचं प्रमाण तासाला चार-पाचने घटलं.

हे निकाल मी कमी लेखत नाही. घशाच्या स्नायूंना व्यायाम दिला तर ते थोडे घट्ट होतात, यात गूढ काही नाही. ज्याचा आकडा सतरा-अठरा आहे त्याच्यासाठी चार-पाचचा फरकही मोलाचा. पण ज्याचा पंचेचाळीस आहे, त्याने मशिन माळ्यावर टाकून शंख हाती घेतला तर त्याला चाळीस मिळणार. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाने आकड्याकडे पाठ फिरवायचं कारण नाही. फुंका शंख, आणि मास्कही लावा. दोन्हींत भांडण कुणी लावलं?

आता आजोबा. प्रत्येक घोरणाऱ्याला ॲप्निया नसतो, त्यामुळे नव्वदी गाठलेले आजोबा नुसतेच घोरत असतील, ही पहिली शक्यता. दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे. आपल्याला आठवतात ते जगलेले आजोबा. जे पंचावन्नाव्या वर्षी झोपेतच गेले, त्यांच्याबद्दल आपण काय म्हणतो? ‘पुण्यवान माणूस, कुणाला त्रास दिला नाही.’ त्यांचा श्वास अडत होता का, हे कुणी तपासलं नाही, आणि ते आता कळणारही नाही. पण म्हणूनच जगलेल्या आजोबांचा दाखला पुरावा म्हणून चालत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी कारण म्हणून ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियाचं नाव घेतलं. कित्येक घरांत हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला गेला, आणि आठवडाभरात विसरलाही गेला.

विसरण्याइतका हा आजार दुर्मीळ नाही. मुंबईत हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांचा अभ्यास केला. तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९.५ टक्के पुरुषांच्या झोपेत श्वासाचा बिघाड दिसला आणि ७.५ टक्के पुरुषांना त्याबरोबर दिवसाची लक्षणंही होती. देशभरातले अभ्यास एकत्र करून दिल्लीच्या एम्सच्या संशोधकांनी २०२३ मध्ये मांडलेला अंदाज असा: प्रौढ भारतीयांपैकी सुमारे ११ टक्के, म्हणजे दहा कोटींहून जास्त माणसं. त्यांतल्या बहुसंख्यांना आपल्याला काही आहे याचा पत्ता नाही.

‘धंदा आहे’ हा आरोप मी सर्वांत गांभीर्याने घेतो, कारण धंदा आहेच. विक्रेत्यानेच घरी येऊन तपासणी करायची, त्यानेच मशिन विकायचं आणि दाबही त्यानेच लावून द्यायचा, असे प्रकार चालतात. सौम्य ॲप्निया, तासाला सहा-सात, दिवसा झोप येत नाही, रक्तदाब ठीक: अशा माणसाला कुशीवर झोपणं, रात्रीची दारू बंद करणं, नाकाचा उपचार, दंतवैद्याकडून जबडा पुढे धरणारं उपकरण यांपैकी काही पुरू शकतं. त्यालाही घाबरवून मशिन विकलं जात असेल, तर ती लूट आहे. कंपन्यांचा इतिहासही धुतल्या तांदळासारखा नाही. जून २०२१ मध्ये फिलिप्सला जगभरातली लाखो मशिनं परत मागवावी लागली, कारण आवाज कमी करण्यासाठी आत घातलेला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याचा धोका होता. ज्या वस्तूतून रात्रभर श्वास घ्यायचा, तिच्याबाबत हे घडलं.

आणि टीकाकारांच्या हातातला सर्वांत धारदार पुरावा मीच पुढे ठेवतो. ‘सेव्ह’ नावाची मोठी चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत आधीच हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले २,७१७ रुग्ण होते, भारतातलेही होते. सीपॅप दिलेल्या गटात हृदयविकाराचे झटके, पक्षाघात, मृत्यू यांचं प्रमाण कमी झालं नाही. तेव्हा ‘मशिन घ्या, ॲटॅक टाळा’ असं छातीठोक सांगणारा विक्रेता खोटं बोलतो, हे लिहून ठेवा.

पण निकाल अर्धाच वाचून थांबू नका. त्या चाचणीत अतिशय झोपाळू रुग्णांना घेतलंच नव्हतं, आणि ज्यांना मशिन दिलं त्यांनी ते रात्रीला सरासरी ३.३ तास लावलं, म्हणजे उरलेली निम्मी रात्र उपचाराविनाच गेली. तरीही त्यांचं घोरणं, दिवसाची झोप आणि मनःस्थिती सुधारली, जगण्याची प्रत वाढली. मशिनचा खात्रीचा दावा एवढाच, आणि तो लहान नाही: दिवसभर जागं राहता येणं, गाडी चालवताना डोळा न लागणं, मुलांवर विनाकारण न खेकसणं. ज्याने हे गमावलं आहे त्याला याची किंमत विचारा. माझ्या बाबतीत पहिला फरक पडला तो रात्रीच्या लघवीच्या फेऱ्यांत. बंद घशाविरुद्ध छाती जोर लावते तेव्हा हृदयावर ताण येतो, हृदयातून एक संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंडं जास्त लघवी तयार करतात. कितीतरी पुरुष यासाठी साखर तपासतात, प्रोस्टेटची सोनोग्राफी करतात. घोरता का, हे त्यांना कुणी विचारत नाही.

किरकोळ शंका झटपट निकालात काढतो. वीज गेली तर गुदमरणार का? नाही. तोंड आणि नाक झाकणाऱ्या मास्कला त्यासाठीच झडप असते, दाब गेला की ती उघडते. फक्त नाकाचा मास्क असेल तर तोंड मोकळं असतं. लोडशेडिंगच्या गावात इनव्हर्टरवर मशिन चालतं, हवेला ओलावा देणारी टाकी बंद ठेवली तर जास्त वेळ चालतं. नाकावर वळ उठतात, तोंड कोरडं पडतं, पोटात हवा जाते, मास्क लीक होऊन डोळ्यांत वारा येतो: हे खरे त्रास आहेत आणि पहिले काही आठवडे वैताग आणतात. त्यांवर मास्कचं माप बदलणं, दाब हळूहळू चढवणारा रॅम्प लावणं, ओलावा वाढवणं, दाब पुन्हा ठरवणं असे साधे उपाय आहेत. अनेक जण याच टप्प्यावर मशिन सोडतात. नेमकी तेव्हाच त्यांना कुणीतरी मदत करायला हवी असते, आणि नेमके तेव्हाच हितचिंतक म्हणतात, ‘बघा, म्हटलं नव्हतं?’

‘दिसतं कसं’ या प्रश्नाचा सर्वांत मोठा भार बायकांवर पडतो. पुरुषाचं घोरणं हा घराघरांतला विनोद आहे. बाईचं घोरणं ही लपवायची गोष्ट. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये ॲप्नियाचा धोका वाढतो, पण त्यांची लक्षणं पुष्कळदा वेगळी असतात: थकवा, अपुरी झोप, सकाळची डोकेदुखी, उदास वाटणं. त्याचं खापर थायरॉइड, रक्तातलं लोह किंवा ‘या वयात असंच असतं’ यांवर फुटतं. आणखी एक गोष्ट आहे. या आजाराचं निदान बहुधा साक्षीदारापासून सुरू होतं. नवऱ्याचा श्वास अडला की बायको दचकून उठते, मोजत बसते, डॉक्टरांना सांगते. बायकोचा श्वास अडतो तेव्हा किती नवरे जागे असतात? त्यातून तिने मशिन घेतलंच, तर पाहुणे आले की ते पलंगाखाली सरकवलं जातं, आणि सून-मुलगी म्हणून दुसऱ्याच्या घरी राहायला जाताना बरोबर नेलंच जात नाही.

या सगळ्या नैतिक गप्पांचं खरं नुकसान पुढे आहे. आजार हा स्वभावदोष ठरला की त्याच्या उपचाराची जबाबदारी इतर कुणावरच राहत नाही. साधं मशिन घ्यायचं तरी तीस-चाळीस हजारांच्या घरात जातं, वर मास्क आणि फिल्टर बदलत राहायचे. रुग्णालयात भरती झाल्यावरचा खर्च देण्यासाठी बेतलेल्या बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींत घरी वापरायचं हे यंत्र बसत नाही. झोपेची तपासणी मोठ्या शहरांबाहेर सहज मिळत नाही. मार्च २०२१ मध्ये रेल्वेने आगीच्या भीतीने रात्री ११ ते पहाटे ५ डब्यातले चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवायला सुरुवात केली. मोबाइलवाल्यांची गैरसोय तेवढी बातम्यांत आली, त्याच पॉइंटवर रात्री श्वासाचं मशिन चालवू पाहणाऱ्यांचा विचार झाल्याचं दिसलं नाही.

वाहनचालकांचं उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारं आहे. आपल्याकडे परवान्याच्या अर्जात फिट येते का, भोवळ येते का, नजर कशी आहे हे विचारतात. झोपेत श्वास अडतो का, दिवसा झोप आवरत नाही का, हे विचारत नाहीत. युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशाने परवान्याच्या वैद्यकीय निकषांत स्लीप ॲप्निया घातला. तिथे मध्यम किंवा तीव्र ॲप्निया असलेल्या चालकाने उपचार घेऊन आजार आटोक्यात ठेवला आणि झोपाळूपणा गेला, तर तो गाडी चालवू शकतो. म्हणजे उपचार हा त्याच्या रोजगाराचा आधार ठरतो. आपल्या समृद्धी महामार्गावर किंवा एक्स्प्रेसवेवर रात्रभर ट्रक हाकणाऱ्याला आपण सांगतो, ‘चहा घे, तोंडावर पाणी मार.’ त्याच्या घशाची चौकशी कोण करणार? आणि केलीच, तर मशिनचे पैसे कोण देणार?

तेव्हा माझं म्हणणं सोपं आहे. मशिनला पर्याय सुचवायचा हक्क कुणालाही आहे, पण त्या पर्यायालाही मशिनइतकीच परीक्षा लागू करा. वजन उतरवा, शंख फुंका, आसनं करा, इंजेक्शन घ्या. ठरावीक काळाने मशिन न लावता पुन्हा स्लीप स्टडी करा. आकडा पाचाच्या खाली आला आणि डॉक्टरही हो म्हणाले, तर मशिन खुशाल मोडीत काढा. मोठा विजय आहे तो. आकडा वरच राहिला, तर उपदेश थांबवा. त्या माणसाला मास्क लावून झोपू द्या, आणि तुमच्याकडे जी ताकद आहे ती विमा कंपनीला जाब विचारण्यात, परवान्याच्या अर्जात एक प्रश्न वाढवून घेण्यात आणि तालुक्याच्या रुग्णालयात झोपेची तपासणी आणण्यात खर्च करा. श्वास अडलेल्या माणसाला तुमच्या मतापेक्षा याचा उपयोग जास्त आहे.